कुटुंब आणि कागद : कॅरिबियन स्थलांतराच्या दोन कादंबऱ्या

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये झालेल्या स्थलांतराचा आरंभ सामान्यतः २२ जून १९४८ या दिवसाशी जोडला जातो. त्या दिवशी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातील प्रवासी टिलबरी येथे उतरले. या घटनेची जी प्रतिमा रूढ झाली, तिच्या केंद्रस्थानी एकटा तरुण पुरुष आहे. त्याच्या मागोमाग आलेली आई, पत्नी, मुले मात्र तिच्या परिघावरच राहिली. सॅम्युएल सेल्वन यांची ‘द लोन्ली लंडनर्स’ (१९५६) आणि अँड्रिया लेव्ही यांची ‘स्मॉल आयलंड’ (२००४) या कादंबऱ्यांतील कुटुंबाचे स्थान पाहिले असता या प्रतिमेच्या मर्यादा स्पष्ट होतात.

भारतीय वंशाचे त्रिनिदादी लेखक सेल्वन यांचे मोठेपण प्रामुख्याने भाषेत शोधले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. मराठी ग्रामीण कथेत संवाद बोलीत व निवेदन बहुधा प्रमाणभाषेत असते. सेल्वन निवेदनही बोलीच्या वळणाने करतात आणि त्यामुळे निवेदक व पात्रे यांच्यातील अंतर नाहीसे होते. तथापि ही बोली मुख्यतः पुरुषांच्या मैफलीची आहे. टॉलरॉय केवळ आईची वाट पाहत वॉटर्लू स्थानकावर उभा असतो, आणि गाडीतून उतरते ते सारे कुटुंब. वार्ताहर त्याच्या मावशीला, टँटीला, प्रश्न विचारतो, छायाचित्र घेतो. टॉलरॉयला आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटते. पुढे हीच टँटी दुकानदाराला उधारीवर माल द्यायला भाग पाडते आणि परक्या वस्तीत व्यवहाराची आपली रीत रुजवते. मात्र नवऱ्याचा मार खाऊन अ‍ॅग्नेस टँटीच्या आश्रयाला येते, तेव्हा निवेदनाचा विनोदी सूर बदलत नाही. अ‍ॅग्नेसच्या बाजूने हा प्रसंग कसा दिसला असेल, हे या कादंबरीत येत नाही.

लेव्ही यांचे वडील ‘विंडरश’वरूनच आले होते आणि आई त्यांच्यामागून आली. म्हणजे ही लेखिका मागून आलेल्यांच्या पुढील पिढीची. चार निवेदकांपैकी एक असलेली हॉर्टेन्स जमैकात शिक्षिका म्हणून प्रशिक्षित झालेली आहे. लंडनच्या शिक्षण कार्यालयात तिची प्रशस्तिपत्रे निरर्थक ठरवली जातात आणि बाहेर पडताना गोंधळून ती सामानाच्या कोठडीचे दार उघडते. कादंबरीच्या शेवटी गोरी घरमालकीण क्वीनी आपले सावळे मूल हॉर्टेन्सच्या स्वाधीन करते. हे मूल हॉर्टेन्स ज्याच्यासह वाढली त्या मायकेलचे आहे. हे ना हॉर्टेन्सला ठाऊक, ना क्वीनीला. नात्याची पूर्ण माहिती केवळ वाचकापाशी राहते.

२०१८ मध्ये उघडकीस आलेल्या अन्यायानंतर या रचनेला नवा संदर्भ प्राप्त झाला. १९७३ पूर्वी राष्ट्रकुलातून येऊन स्थायिक झालेल्यांचा वास्तव्याचा हक्क १९७१ च्या कायद्याने मान्य केला, पण त्याची नोंद प्रत्येकाच्या हाती दिली नाही. अनेक जण बालपणी आईवडिलांच्या पासपोर्टवर आले होते. २०१२ नंतर कठोर झालेल्या धोरणात त्यांच्याकडे वर्षावर्षाचे पुरावे मागण्यात आले. आगमनाच्या जुन्या नोंदपत्रिका तर २०१० मध्येच नष्ट करण्यात आल्या होत्या. परिणामी कित्येकांनी नोकरी, घर, वैद्यकीय उपचार गमावले. काहींना स्थानबद्ध करण्यात आले, तर काहींना देशाबाहेर पाठवण्यात आले.

लेव्हींच्या कादंबरीला भविष्यवाणी म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल. कादंबरी पुरावाही होऊ शकत नाही. टँटीचे छायाचित्र घेतले गेले ते कुतूहलाचा विषय म्हणून. हॉर्टेन्सची कागदपत्रे पाहिली गेली ती नाकारण्यासाठी. स्थलांतरितांविषयी नोंदी नव्हत्या असे नाही. त्या कोणी व कशासाठी ठेवल्या, हा खरा प्रश्न आहे. शासनाने ज्या नात्यांची दखल घेतली नाही ती या कादंबऱ्यांनी, एकीने ओझरती आणि दुसरीने पूर्णत्वाने, वाचकाच्या स्वाधीन केली आहेत. म्हणून स्थलांतराच्या साहित्याचा तौलनिक अभ्यास करताना प्रवासी पुरुषाच्या एकाकीपणाइतकेच त्याच्यामागून आलेल्यांच्या अनुभवालाही मध्यवर्ती स्थान द्यावे लागेल.