‘एम्पायर : टोटल वॉर’ : एक युद्धपट

संगणकावरील हा युद्धपट इंग्लंडांतील ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ या मंडळीनें रचिला व तो इ. स. २००९ त प्रसिद्ध झाला. पट १७०० सालीं मांडला जातो, वर्षास दोन डाव पडतात, व मराठ्यांचीही बाजू घेतां येते. मांडणी इतकी सुबोध कीं नवशिकाही लवकर रमतो. परंतु ज्या योजनेनें हा सुबोधपणा साधला, तिनेंच इतिहास बिघडविला आहे. येथें मुख्य ठाणें घेतलें कीं प्रांत हस्तगत होतो, आणि सर्व प्रांत गेले कीं राज्य बुडतें. वस्तुस्थिति पाहावी. रायगड १६८९ त व जिंजी १६९८ त मोंगलांनीं घेतली. मार्च १७०० त राजाराम महाराज सिंहगडीं निवर्तले, तेव्हां साताऱ्यास वेढा पडलेला होता. तथापि राज्य बुडालें नाहीं; ताराबाईसाहेबांनीं तें पुढें सात वर्षें लढविलें. राजधानीवांचून घोड्याच्या पाठीवर चालणाऱ्या राज्यास या पटांत घरच नाहीं. शिवाय बाळाजी विश्वनाथास पेशवाई १७१३ त मिळाली. १७०० च्या राज्यास ‘संघराज्य’ म्हणणें हा कालविपर्यास होय. खेळ म्हणून पट उत्तम आहे. मात्र तरुण अभ्यासकांनीं पटावरून उठून मूळ कागदांकडे वळावें, हें बरें.