तेलाचे तळे कोठे आहे?

मराठीत विज्ञानलेखन पुरेसे होत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. जे होते ते कसे होते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. कवितेतील प्रतिमा फसली की समीक्षक तिच्यावर तुटून पडतात. शास्त्रीय लेखातील प्रतिमा फसली तर 'विषय सोपा करून सांगितला' म्हणून लेखकाची पाठ थोपटली जाते. खनिज तेलाविषयी आपल्याकडे जे लिहिले आणि शिकवले जाते, त्याकडे एकदा या नजरेने पाहायला हवे.

तीन चित्रे पुन्हा पुन्हा भेटतात. जमिनीच्या पोटात तेलाचे तळे साचले आहे, हे पहिले. विहीर खणली की ते वर काढता येते, हे दुसरे. आणि ते तेल म्हणजे प्राचीन अजस्र प्राण्यांची वितळलेली चरबी, हे तिसरे. तिन्ही डोळ्यांसमोर चटकन उभी राहतात, आणि तिन्ही चूक आहेत.

बडोदे, भरूच, अंकलेश्वर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना तर हा विषय दाराशीच आहे. १९५८ साली खंबातजवळ लुणेज येथे तेल लागले आणि १९६० साली अंकलेश्वर येथे. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी 'वसुधारा' हे नाव दिले. नाव सुंदर आहे. पण खाली धारा नाही आणि तळेही नाही. आहे तो ओला दगड.

सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा, तोच पाषाण या भागात खोल खाली पसरला आहे. त्यावर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी बारीक काळ्या चिखलाचे थर बसले. या चिखलाचा पुढे जो खडक झाला, त्याला भूवैज्ञानिक 'खंबात शेल' म्हणतात. पाण्यातील सूक्ष्म शेवाळ आणि वनस्पतींचे अवशेष या गाळात पुरले गेले. प्राणवायू तुटपुंजा असल्याने ते पुरते कुजले नाहीत. त्यांचे केरोजेन नावाचे घट्ट द्रव्य बनले. वरून गाळ चढत गेला, थर खोल गेले आणि उष्णता वाढली. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान केरोजेनचे तेल होऊ लागते. आच कमी पडली तर ते कच्चे राहते, फार झाली तर वायू होतो. तेल जेथे तयार होते त्या खोल भागाला भूवैज्ञानिक आपल्या बोलीत चक्क 'स्वयंपाकघर' म्हणतात. भरूचकडील खोलगट भाग हे असेच एक स्वयंपाकघर.

खरी गोष्ट यापुढची आहे, आणि आपले लेख नेमके येथेच थांबतात. तेल जेथे शिजते तेथे ते राहत नाही. घट्ट केरोजेनचा द्रव झाला की त्याला जागा पुरत नाही. दाब वाढतो, खडकाला सूक्ष्म भेगा पडतात आणि तेल बाहेर ढकलले जाते. शेजारच्या वालुकाश्मातील छिद्रे आधीच खाऱ्या पाण्याने भरलेली असतात. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते छिद्रांतून थराच्या चढाने अतिशय संथपणे वर सरकत राहते. वाटेत उलट्या परातीसारखा बाक घेतलेला थर आणि त्यावर न झिरपणाऱ्या खडकाचे झाकण भेटले, तरच ते अडते. तो बाक तेल येण्यापूर्वीच तयार असावा लागतो. नाहीतर ते पृष्ठभागापर्यंत पोचून वाया जाते, आणि पुष्कळसे असेच वाया गेलेले आहे.

वामन पंडितांनी भर्तृहरीचे नीतिशतक मराठीत आणले. त्यात वाळूपासून तेल मिळवणे हा अशक्यप्राय गोष्टींचा दाखला आहे. अंकलेश्वरच्या वालुकाश्माने तो दाखला वरवर खोटा पाडला; पण नीट पाहिले तर पाडलाही नाही. वाळूने ते तेल निर्माण केले नाही, चिखलात जन्मलेल्या तेलाला फक्त आसरा दिला. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायच्या चुनखडकाचीही हीच कथा: तेथील तेलही आजूबाजूच्या खोल भागांतील शेलमधून येऊन तेथे मुरलेले आहे.

'तळे' म्हटल्याने एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. तळे म्हटले की ते तळापर्यंत उपसता येते, असे मुलाला वाटते. प्रत्यक्षात अनेक क्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल खडकाच्या कणांना चिकटून मागेच राहते. 'विहीर' म्हटली की पायऱ्या, काठ आणि खाली चकाकणारे पाणी दिसते. प्रत्यक्षात ते वीतभर रुंदीचे खोल भोक असते. 'खनिज' हा शब्दही त्याचे सजीव मूळ झाकून टाकतो. आणि प्रवासच वगळला, तर एका गावी तेल लागते अन् शेजारच्या गावी का लागत नाही, याचे उत्तर नशिबावर ढकलावे लागते.

द्विभाषिक भागांतील आईबाप मुलाला मराठी शाळेत घालताना कचरतात, कारण विज्ञान मराठीत नीट सांगता येत नाही असे त्यांना वाटते. चुकीची चित्रे आणि कोशातून उचललेली जडजंबाल परिभाषा त्यांच्या शंकेला बळच देतात. वास्तविक या विषयाला लागणारी क्रियापदे आपल्या घरात आणि शेतात रोजची आहेत: शिजणे, मुरणे, झिरपणे, पाझरणे, निथळणे, अडणे. ज्या शेतकऱ्याने काळ्या खडकात झरा कोठे लागेल याचा अंदाज बांधला आहे, त्याला तेलाचा प्रवास समजावून सांगायला परका शब्द क्वचितच लागेल. लेखकाने आधी तो खडक समजून घ्यावा आणि मग ही क्रियापदे वापरावीत. पाठ्यपुस्तकांच्या आणि लोकप्रिय लेखांच्या परीक्षणात यापुढे शुद्धलेखनाबरोबर या प्रतिमांचीही झाडाझडती झाली पाहिजे.