अठ्ठेचाळीस तासांचा खेळ आणि त्याखालचा शेरा

"छान जमलंय. आणखी वेळ मिळाला असता तर अधिक चांगलं झालं असतं." ठराविक मुदतीत संगणकावरचे छोटे खेळ तयार करण्याचे 'गेम जॅम' नावाचे उपक्रम जगभर चालतात. तिथल्या खेळांखाली अशा अर्थाचा शेरा इतका आढळतो की तो छापूनच ठेवावा असे वाटते. शेऱ्यातली दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. पहिल्यातून काय जमले ते कळत नाही. दुसरे तर खेळ करणाऱ्याला आधीपासूनच ठाऊक असते, कारण वेळ अपुरा हीच या उपक्रमाची अट असते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातली अभिप्राय-वही ज्यांनी कधी चाळली आहे त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

वर्गात मुलांकडून छोटे खेळ करून घेणारे शिक्षक आता पुष्कळ आहेत. मुलाने दोन दिवसांत केलेल्या खेळावर काय बोलावे हा प्रश्न त्यांच्यापुढे येतोच. या प्रश्नाशी गेम जॅमवाले वीस वर्षांहून अधिक काळ झटत आले आहेत. त्यांनी काय व्यवस्था बसवली आणि ती कुठे फसते, हे पाहण्यासारखे आहे.

लुडम डेअर ही या प्रकारातली जुनी, नावाजलेली स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाली. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'खेळ देणे'. विषय ऐनवेळी जाहीर होई. एकट्याने उतरणाऱ्याने ४८ तासांत आज्ञावली, चित्रे, आवाज असे सारे स्वतः करायचे आणि आज्ञावली सर्वांना पाहायला खुली ठेवायची. पुढे ७२ तासांचा, गटाने भाग घेण्याचा आणि जरा सैल नियमांचा दुसरा विभागही आला. त्यानंतर सुमारे तीन आठवडे परीक्षणाचे. वेगळे परीक्षक मंडळ मात्र नाही. खेळ करणाऱ्यांनीच एकमेकांचे खेळ खेळून गुण द्यायचे आणि शेरे लिहायचे. काही खेपांना खेळांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. तेव्हा कोणाचा खेळ कोण खेळणार, हाही प्रश्नच. त्यावर उपाय असा की जो दुसऱ्यांच्या खेळांवर अधिक अभिप्राय देईल त्याचा खेळ इतरांना आधी दिसावा. शिवाय निदान वीस जणांनी गुण दिल्याखेरीज खेळाला क्रमांकच नाही.

ही योजना हुशारीची आहे. परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण आदल्या शनिवारी स्वतः जागलेला असतो, त्यामुळे कुत्सितपणा कमी. पण देवाणघेवाणीने अभिप्रायांची संख्या वाढते, त्यांचा कस वाढेलच असे नाही. शेरा ही वटवायची हुंडी झाली की माणूस तीन मिनिटे खेळतो, पाच गुण टाकतो, 'छान' लिहितो आणि पुढच्या खेळाकडे वळतो. साहजिकच जे खेळ पहिल्या तीन मिनिटांत आपले सारे दाखवून टाकतात त्यांचे फावते.

वानगीदाखल २०१२ च्या ऑगस्टमधली खेप घेऊ. विषय होता 'उत्क्रांती'. निकोला कनास यांचा 'इव्होलँड' हा खेळ ४८ तासांच्या विभागात पहिला आला. त्याची सुरुवात पाहा. पडदा दोनच छटांचा, आवाज नाही, आणि नायकाला फक्त उजवीकडे चालता येते. डावीकडे वळण्याची सोयसुद्धा एका पेटीत मिळते. मग रंग येतात, आवाज येतो, सारे चित्रच बदलत जाते. संगणकीय खेळांचा इतिहास खेळणाऱ्याच्या हाताखालून सरकतो. आता चित्रांसाठी गुण द्यायचे आहेत, तर ते कोणत्या मिनिटाच्या चित्रांना द्यायचे? सुरुवातीची ओबडधोबड चित्रे हा दोष नव्हे, तो मांडणीचा पाया आहे. अर्ध्यावर सोडणाऱ्याने दिलेला गुण या खेळाविषयी काहीच सांगत नाही.

गुणांचे रकानेही तपासायला हवेत. लुडम डेअरचे रकाने आठ: एकंदर, मजा, नावीन्य, विषयाशी नाते, चित्रे, ध्वनी, विनोद आणि वातावरण. प्रत्येकात एक ते पाच गुण. ज्याने दुसऱ्याची चित्रे किंवा संगीत वापरले असेल त्याला तो रकाना वगळता येतो, ही सोय न्याय्य आहे. पण यातले बरेचसे रकाने तयार मालाचे आहेत. दुकानातल्या वस्तूची पारख करताना ते शोभतात. जॅममधला खेळ ही मात्र एखाद्या कल्पनेची चाचणी असते: 'असा नियम केला तर काय होईल?' प्रयोगवहीतल्या आकृतीच्या रेखीवपणाला गुण द्यावेत आणि निरीक्षणाचा रकानाच नसावा, तसे हे झाले.

कल्पनेकडे न पाहता सवयीने दोष काढले तर काय घडू शकते याचे एक उदाहरण फार बोलके आहे. ग्लोबल गेम जॅम हा उपक्रम २००९ पासून चालतो. त्यात जगभरच्या केंद्रांवर लोक प्रत्यक्ष जमतात आणि जागतिक पातळीवर क्रमांक काढत नाहीत. २०१३ मध्ये त्याचा विषय शब्दांत नव्हता; हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवण्यात आला. लंडनच्या बॉसा स्टुडिओजमधल्या चौघांनी त्यावर हृदयारोपणाच्या शस्त्रक्रियेचा खेळ केला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तो 'सर्जन सिम्युलेटर २०१३' या नावाने बाजारात आला आणि गाजला. यात हाताचे प्रत्येक बोट वेगळ्या कळीने हलवावे लागते आणि हात माउसने. परिणामी साधी कात्री उचलताना ती रुग्णाच्या छातीत पडते, घड्याळ पडते, कधी स्वतःचा हातच भलतीकडे जातो. 'नियंत्रण अवघड आहे, सोपे करा' हा शेरा इथे कोणीही सहज लिहिला असता, आणि त्याप्रमाणे सुधारणा केली असती तर खेळ उरलाच नसता! अवघडपणा हाच इथला विनोद आहे.

याचा अर्थ नियंत्रणाबद्दल तक्रार करूच नये असा नाही. आपण जे घडले ते सांगावे, उपचार सांगण्याची घाई करू नये. 'मी कात्री चार वेळा पाडली आणि चारही वेळा हसलो' आणि 'मी चार वेळा उडी मारली, चारही वेळा खड्ड्यात पडलो आणि खेळ बंद केला' या दोन वाक्यांत तक्रार एकच आहे, पण माहिती निराळी. पहिले ऐकून करणारा काहीच बदलणार नाही, दुसरे ऐकून खड्ड्याची रुंदी मोजेल. ताप किती आहे हे सांगणारा आणि औषध सुचवणारा शेजारी, दोघांपैकी पहिला अधिक कामाचा असतो.

आता थोडे गणिताकडे. हा भाग शिक्षकांना वर्गातही वापरता येईल. इच डॉट आयओ या संकेतस्थळावर भरणाऱ्या जॅमसाठी क्रमांक काढण्याचे सूत्र ठरलेले आहे. एखाद्या खेळाला फार थोड्या लोकांनी गुण दिले असतील तर त्याची सरासरी भरवशाची नसते. दोन मित्रांनी पाचपैकी पाच दिले म्हणून तो पहिला यावा हे बरोबर नाही. म्हणून साऱ्या खेळांना मिळालेल्या मतांच्या संख्येचा मध्यक काढतात. ज्याची मते मध्यकाहून कमी त्याच्या मतसंख्येला मध्यकाने भागतात, भागाकाराचे वर्गमूळ घेतात आणि त्याने सरासरीला गुणतात. समजा मध्यक १६ आहे आणि आपल्या खेळाला ४ मते मिळून सरासरी ४ आली. ४ भागिले १६ म्हणजे पाव, त्याचे वर्गमूळ अर्धा. म्हणजे आपला अंतिम गुण २.

वर्गमूळ इथे का येते ते समजण्याजोगे आहे. नमुना चौपट केला की सरासरीतली अनिश्चितता निम्मी होते, हे संख्याशास्त्रातले ओळखीचे नाते आहे. पण गोम पुढे आहे. हे सूत्र सरासरीला शून्याकडे ओढते. चारच लोकांनी पाहिलेल्या खेळाबद्दल आपले अज्ञान मोठे आहे, आणि अज्ञान मोठे असताना तो खेळ वाईट आहे असे मानण्याला आधार नाही. तो साधारण असावा एवढेच मानता येते. समजा साऱ्या खेळांची सरासरी ३ आहे. मग आपल्या खेळाचे ३ वर जे १ अधिक आहे त्याचे अर्धे करून ३.५ देणे अधिक सयुक्तिक ठरले असते. २ आणि ३.५ यांतले अंतर किती! पहिल्या हिशेबाने आपला खेळ, पुष्कळांनी पाहून अडीच दिलेल्या सुमार खेळाच्याही खाली जातो. आयोजकांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की यामुळे लोक आपल्या खेळासाठी खेळणारे मिळवायला धडपडतात. पण मग तो गुण खेळाचा राहिला नाही, धडपडीचा झाला. ज्याचा खेळ उतरवून घेऊन बसवावा लागतो आणि म्हणून कमी लोक खेळतात, त्याने काय करावे?

गुण द्यावेत की नुसते शब्द, यावर शिक्षणशास्त्रात बरेच काम झाले आहे. इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर रूथ बटलर यांनी केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात ज्यांची रुची आणि कामगिरी चांगली राहिली ती फक्त शेरे मिळालेली मुले होती. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांची स्थिती नुसते गुण मिळालेल्यांसारखीच होती. आकडा दिसला की शेरा वाचलाच जात नाही, असा याचा अर्थ लावला जातो. १९९६ मध्ये क्लुगर आणि डेनिसी यांनी अशा अभ्यासांतले ६०७ परिणाम एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीकडे वळले की असे होते, असे त्यांचे प्रतिपादन. 'तू हुशार आहेस' हे वाक्यही त्यातच मोडते. जॅममधला 'तुमच्यात प्रतिभा आहे' हा शेरा गोड लागतो, पण त्यातून खेळाबद्दल काय कळले?

मग शब्द कोणते? टीका सौम्य की कडक, यावर जॅमच्या मंडळींत पुष्कळ वाद होतात. मला तो वाद गौण वाटतो. एक काल्पनिक खेळ घ्या: हातात कंदील आहे आणि चालाल तितके तेल जळते. 'अंधार सुरेख आहे, पण खेळ फार अवघड' हा शेरा सौम्य आहे, तरी करणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. याउलट: 'तेल उभे राहूनही जळते असे मी समजलो, म्हणून धावत सुटलो आणि तिसऱ्या खोलीत अंधारात अडकलो. चालण्यानेच तेल जळते हे मला चौथ्या खेपेस कळले. त्यानंतर प्रत्येक पाऊल मोजून टाकताना मजा आली.' यात कौतुकाचे विशेषण एकही नाही. पण करणाऱ्याला तीन गोष्टी मिळाल्या: नियम कळत नाही, तो कुठे कळत नाही, आणि कळल्यावर कल्पना चालते. यातली तिसरी सर्वांत मोलाची, आणि शेरा लिहिणारे नेमकी तीच विसरतात.

कल्पना किती लांब ताणता येईल हा प्रश्न तर अभिप्रायात जवळजवळ कधीच विचारला जात नाही. 'इव्होलँड'चा मोठा अवतार २०१३ मध्ये आला तेव्हा त्याच्याविषयीची मते संमिश्र होती. काही मिनिटांत जी गंमत होती ती काही तासांत पातळ झाली. याउलट फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा 'बाबा इज यू' पाहा. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये तो जन्मला आणि तिथे पहिला आला. खेळाचे नियम शब्दांच्या ठोकळ्यांनी पडद्यावरच लिहिलेले असतात आणि ते ठोकळे ढकलून नियमच बदलता येतात. 'भिंत अडवते' यातला एक ठोकळा सरकवला की भिंतीतून जाता येते. मार्च २०१९ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला तेव्हा त्यात दोनशेहून अधिक कोडी होती. दोन्ही खेळ आपापल्या जॅममध्ये पहिलेच. क्रमांकावरून हा फरक कोणाला ओळखता आला असता? 'या नियमातून तुला आणखी कोणती कोडी सुचतात?' असे कोणी विचारले असते, तर बहुधा तिथल्या तिथे दिसला असता.

वर्गात हे सोपे आहे. तिथे हजारो खेळ नसतात, खेळणारा आणि करणारा शेजारी बसू शकतात. ग्लोबल गेम जॅमच्या केंद्रांवर रविवारी शेवटी सारे एकमेकांचे खेळ पाहतात, तसा एक तास ठेवावा. करणाऱ्या मुलाने मागे उभे राहायचे, वही घ्यायची आणि खेळणाऱ्याने मदत मागितली तरी दहा मिनिटे तोंड उघडायचे नाही. हे फार जड जाते. 'अरे, ती कळ दाब ना!' असे ओठांवर येतेच. पण खेळणारा कुठे थांबला, कोणती कळ उगाच दाबली, कुठे पुढे वाकून पाहू लागला याची नोंद त्या दहा मिनिटांत होते. मग खेळणाऱ्याने सांगायचे, त्याला नियम काय वाटला. शिक्षकांनी सर्वांत शेवटी बोलावे, आणि गुण द्यायचेच असतील तर ते दुसऱ्या दिवशी द्यावेत.