‘मुंज्या’ : अमानवी प्रेम, हास्य आणि स्त्रीची संमती

कोकणच्या लोकजीवनात भुताखेतांच्या कथांना भयाइतकेच करमणुकीचेही स्थान आहे. मुंज झालेला, परंतु सोडमुंजीपूर्वी मृत्यू पावलेला बटू पिंपळावर वास करतो, अशी लोकसमजूत आहे. मुंज्या हा अशा रीतीने अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याचा आणि इच्छेचा प्रतिनिधी होय. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ (२०२४) हा हिंदी चित्रपट याच समजुतीवर उभा आहे.

कथेचा आरंभ १९५२ मधील कोकणात होतो. वयाने मोठ्या असलेल्या मुन्नीवर गोट्या हा मुलगा भाळतो. तिचा विवाह अन्यत्र ठरताच तो जारणमारणाचा आधार घेतो, सख्ख्या बहिणीचा बळी देऊ पाहतो आणि त्या खटाटोपात स्वतःच प्राणास मुकतो. पुढे अनेक वर्षांनी त्या बहिणीचा पुण्यात राहणारा नातू बिट्टू याच्यामागे हा मुंज्या लागतो आणि मुन्नीच्या घराण्यातील बेलाशी विवाह लावून देण्याचा हट्ट धरतो. बिट्टूचेही बेलावर प्रेम आहे. मात्र ते व्यक्त करण्याचे धैर्य त्याच्यापाशी नाही.

चित्रपटातील हास्य या विरोधातून निर्माण होते. जे बिट्टूला बोलता येत नाही, ते मुंज्या ओरडून मागतो. या दृष्टीने मुंज्या ही बिट्टूच्या दबलेल्या इच्छेचीच विकृत सावली ठरते. बालहट्ट म्हणून प्रेक्षक त्याच्या मागणीला हसतो. परंतु जिवंत मुलीवर रोखलेला तोच हट्ट हिंसा असते. बहिणीच्या बळीचा प्रसंग आरंभीच दाखवून दिग्दर्शकाने याची जाणीव करून दिली आहे, हे चित्रपटाचे बलस्थान होय. तथापि बेलाची स्वतःची इच्छा कथानकात दुय्यमच राहते. दोघांच्या ओढाताणीत ती मिळवण्याची वस्तू बनते.

या संदर्भात अमोल पालेकर यांच्या ‘पहेली’ (२००५) या चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरते. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर आधारित या चित्रपटातील भूत व्यापारासाठी परगावी गेलेल्या पतीचे रूप घेते. मात्र नववधूजवळ जाण्यापूर्वी आपण कोण आहोत हे तिला सांगते. निर्णय तिच्यावर सोपविला जातो. रूप फसवे असूनही नाते प्रामाणिक राहते. त्या भुताला माणूसपण प्राप्त होते ते तिच्या संमतीमुळे. मुंज्याला नेमके हेच साधत नाही. म्हणून तो अखेरपर्यंत भूतच राहतो.

सारांश, अद्भुत प्रेमकथेची कसोटी चमत्कारात नसून ज्या व्यक्तीवर प्रेम केले जाते तिच्या शब्दाला मिळणाऱ्या स्थानात असते. ‘मुंज्या’ने कोकणची लोकसमजूत देशभरच्या प्रेक्षकांपर्यंत नेली आणि हट्टाला प्रेम म्हणण्यातील धोका हसतखेळत दाखविला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. बेलाला काय हवे, हा प्रश्न मात्र त्याने पुरेसा विचारला नाही.