पेरोनेलाची अक्कल
बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन' या कथासंग्रहातली पेरोनेला ही नेपल्सची सूत कातणारी गरीब बाई. नवरा अवेळी घरी परततो तेव्हा ती प्रियकराला रांजणात दडवते. नवरा खुशीत असतो, कारण त्याने तोच रांजण पाच नाण्यांना विकलेला असतो. ती उलट त्याच्यावरच खेकसते : मी घरात बसून सातला विकला, गिऱ्हाईक आत उतरून पारखतंय! मग रांजण खरवडायला नवराच आत उतरतो आणि बाहेर प्रेमिकांचं अर्धवट राहिलेलं पुरं होतं. गोष्ट चावट खरीच, पण आपण हसतो ते पेरोनेलाच्या हजरजबाबीपणाला.

दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनीने १९७१च्या आपल्या 'डेकॅमेरॉन' चित्रपटात ही कथा घेतली आणि तिचं मर्म राखलं. फ्लॉरेन्समधल्या १३४८च्या प्लेगपासून दूर जाऊन एकमेकांना शंभर कथा सांगणारे मूळ ग्रंथातले दहा तरुण-तरुणी त्याने वगळले, बहुतेक चित्रपट नेपल्सच्या बोलीत केला आणि पडक्या दातांचे, उन्हाने रापलेले चेहरे पडद्यावर आणले. लिझाबेताची कथाही त्याने ठेवली. भावांनी मारलेल्या प्रियकराचं शिर ती तुळशीच्या जातीच्या रोपाखाली कुंडीत पुरते. तिथे हसायला काहीच नाही. मात्र शेजारी असा मृत्यू उभा असल्यामुळेच बाकीच्या कथांतल्या देहसुखाला जगण्याची ओढ लाभते.

या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं, त्याविरुद्ध तक्रारीही झाल्या आणि तिकीटबारीवर तो प्रचंड चालला. लगेच निर्माते धावले. १९७२ या एकाच वर्षात मीनो गुएरीनीचा 'डेकॅमेरॉन क्रमांक २', ब्रुनो कोर्बुचीचा 'बोकाचिओ' आणि असे कितीतरी चित्रपट निघाले. इटलीत या प्रकाराला 'देकामेरोतिको' हे नाव पडलं. हिशेब सोपा होता : शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या लेखकाला मानधन द्यावं लागत नाही, अभिजात ग्रंथाचं नाव सेन्सॉरसमोर ढाल म्हणून धरता येतं आणि सुट्या कथा कशाही जोडता येतात. पण पुष्कळ चित्रपटांत उरले ते लबाड भिक्षू, मूर्ख नवरे आणि उघडे देह. बाईची अक्कल गेली आणि तिच्याबरोबर विनोदही गेला. मला हे नुकसान नग्नतेपेक्षा कितीतरी गंभीर वाटतं. बोकाचिओने ग्रंथ स्त्रियांसाठी लिहितो असं प्रस्तावनेतच सांगितलं होतं. त्याच्या नावावर निघालेल्या चित्रपटांत बाई नुसती पाहण्याची वस्तू झाली.

सगळंच टाकाऊ नव्हतं. व्हितोरियो दे सीस्तीच्या 'फियोरीना ला वाका'ने सोळाव्या शतकातला पादुआचा नाटककार रुझान्ते याच्याकडून प्रेरणा घेतली. त्या नाटककाराच्या शेतकऱ्यांना खरीखुरी भूक लागते, म्हणून त्यांच्या वासनेलाही वजन येतं. मारियानो लाउरेंतीच्या 'उबाल्दा'त एडविज फेनेक आणि पिप्पो फ्रांको यांनी निखळ फार्सची लय पकडली. मात्र दशकाचा मध्य येईतो लाट ओसरली आणि याच मंडळींपैकी अनेकजण परिचारिका-शिक्षिकांच्या आधुनिक कामुक विनोदपटांकडे वळले.

दरम्यान पासोलिनीने चॉसर आणि 'अरेबियन नाइट्स'वर आणखी दोन चित्रपट केले. पण १९७५मध्ये त्याने या तिन्ही चित्रपटांचा जाहीर त्याग केला. ज्या देहांत आपण निरागसता शोधली ते बाजाराने गिळले आणि लैंगिक मोकळीकही उपभोगाचा माल झाली, हे त्याचं दुःख होतं. मला हा त्याग पटत नाही. नकलाकारांच्या पापाची शिक्षा त्याने स्वतःच्या चांगल्या चित्रपटांना का द्यावी?

दिग्दर्शक तावियानी बंधूंनी २०१५मध्ये 'माराविलिओसो बोकाचिओ' केला. प्लेग परत आला, ते दहाजण परत आले, टस्कनीचं निसर्गदृश्यही डोळे निववणारं आहे. त्यात घाईत डोक्यावर शिरोवस्त्राऐवजी पाद्र्याची विजार ओढून येणारी मठाधिपतीण आहे. चोरून प्रेम करणाऱ्या तरुण जोगिणीला ती सर्वांसमोर झापत असते आणि जोगीण शांतपणे तिच्या डोक्यावरच्या विजारीकडे बोट दाखवते. प्रसंग बोकाचिओचाच, पण तावियानींनी तो इतक्या अदबीने मांडला आहे की विजारीतला खट्याळपणा पुसला जातो. देकामेरोतिकोवाल्यांनी अक्कल सोडून देह ठेवला होता. इथे अक्कल शाबूत आहे, पण देहाची ऊब नाही.