कर्नल मात्यूचा गॉगल

'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' (१९६६) मी मोबाइलवर पाहिला आणि त्यात मला आवडला तो नेमका नको तो माणूस : कर्नल मात्यू. १९५७ साली फ्रान्सची दहावी पॅराशूट डिव्हिजन अल्जिअर्समध्ये शिरते, तेव्हा काळा गॉगल लावून तो पुढे चालत येतो. रुबाबदार, हजरजबाबी. पत्रकार छळाबद्दल विचारतात, तर तो त्यांनाच विचारतो, अल्जेरिया फ्रान्सकडे ठेवायचाय ना?

मात्यू काल्पनिक आहे. खऱ्या डिव्हिजनचा प्रमुख होता जनरल मास्यू. बेन म्हिदी हा स्वातंत्र्ययुद्धातला नेता तिच्या ताब्यात असताना मेला. लष्कर म्हणालं, आत्महत्या. सिनेमातला मात्यू त्या मृताबद्दल आदराने बोलतो. प्रत्यक्षात मास्यूच्या हाताखालच्या ओसारेसने २००१ साली पुस्तकात कबूल केलं, की आम्हीच त्याला फासावर लटकवलं.

दिग्दर्शक पोन्तेकोर्वोने छळ लपवलेला नाही, हे मान्य. पण तो करवून घेणारा इतका सुसंस्कृत दिसतो, की छळ म्हणजे हुशार माणसाचा नाइलाज वाटू लागतो. मला तरी वाटला, खोटं कशाला बोलू!

शिवाय सिनेमा डिसेंबर १९६०च्या निदर्शनांपाशी थांबतो. एप्रिल १९६१मध्ये चार जनरलांनी द गॉलविरुद्ध बंड केलं, तेव्हा याच डिव्हिजनच्या फॉरेन लिजनवाल्या रेजिमेंटने अल्जिअर्स ताब्यात घेतलं. बंड काही दिवसांत फसलं, डिव्हिजन बरखास्त झाली. त्या रात्री मात्यू कुणाच्या बाजूने उभा राहिला असता, हे पोन्तेकोर्वोने त्याला विचारलेलंच नाही.