स्मृती, पेटी आणि 'स्टार ट्रेक'चं पहिलं पर्व

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तत्त्वज्ञान सोडून हे काय?" तर सोडलेलं काहीच नाही. आज आपण समीक्षाच करणार आहोत, पण ज्या वस्तूची करायची ती वस्तू नेमकी कोणती, हे ठरवण्यातच अर्धा वेळ जाणार आहे. आणि मध्ये एक कबुलीही द्यायची आहे.

वस्तू आहे एक पेटी. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानमालिकेचं पहिलं पर्व, एकोणतीस भाग. सप्टेंबर 1966 ते एप्रिल 1967 या काळात ते तिकडे प्रक्षेपित झाले. घरी बघण्यासाठी ते आधी व्हिडिओ कॅसेटवर आले, 2004 मध्ये डीव्हीडीच्या पेटीत आणि 2009 मध्ये ब्लू-रेवर. ही शेवटची पेटी आमच्या लेकीने आम्हाला आणून दिली, सोबत ती चालवायचं यंत्रही. सासरच्यांसमोर म्हणाली, "बाबांना लहानपणीचं खेळणं दिलंय." लहानपण कसलं, आम्ही तेव्हा पस्तिशीत होतो! (हशा)

आम्ही ही मालिका पहिल्यांदा पाहिली ती डोंबिवलीत, ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. 'रामायण' 1987 च्या जानेवारीत सुरू झालं, त्याच्या आधीचे हे दिवस. मुंबई केंद्र 1972 चं आणि रंगीत प्रक्षेपण 1982 पासूनचं, पण आमच्या इमारतीतला एकुलता एक टीव्ही कृष्णधवलच होता. तो शेजारच्यांकडे. गच्चीवर एकजण अँटेना फिरवणार, दुसरा जिन्यातून ओरडणार, "आलं, आलं... गेलं!" पडद्यावर मुंग्या. इंग्रजी निम्मं कळायचं, उरलेलं आम्ही रचायचो. हा शब्द लक्षात ठेवा: रचायचो.

पेटीतला पहिला भाग लावला आणि पहिला धक्का रंगांचा बसला. जहाजावरच्या माणसांचे सदरे खात्यांप्रमाणे आहेत. कमान सांभाळणारे सोनेरी, विज्ञान आणि वैद्यक निळे, यंत्रं आणि सुरक्षा लाल. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. आमच्या पडद्यावर सगळेच राखाडी. कप्तान कर्क, स्पॉक, उहुरा, सुलू, सगळ्यांचा गणवेश एकच. आम्ही त्यावर एका छोट्या मासिकात लेखही लिहिला होता, की भविष्यातल्या समाजात दर्जाच्या खुणा उरलेल्या नाहीत. समता आमच्या टीव्हीत होती हो, मालिकेत नव्हती!

ही चूक गमतीची. दुसरी तशी नाही.

पहिल्या पर्वातला पाचवा भाग, नाव 'द एनिमी विदिन'. माणसांचे कण विरघळवून दुसरीकडे पुन्हा जोडणारं एक यंत्र या जहाजावर आहे. ते आलं कुठून, तर दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चिक होतं म्हणून. काटकसरीतून तत्त्वज्ञानाला एक उदाहरण मिळालं. डेरेक पारफिट या इंग्लिश तत्त्वज्ञाने 1984 च्या आपल्या ग्रंथात व्यक्तीच्या एकपणाची चर्चा अशाच यंत्राच्या कल्पनेवर उभी केली. या भागात यंत्र बिघडतं आणि एका कर्कचे दोन कर्क होतात. एक सौम्य, विचारी. दुसरा क्रूर, वासनांध.

कल्याणच्या वर्गात नीतिशास्त्र शिकवताना आम्ही ही गोष्ट वीसेक वर्षं सांगितली. कशी? तर चांगला अर्धा वाईट अर्ध्यावर मात करतो, वाईट नष्ट होतो, जहाज वाचतं. मुलांना आवडायची. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तसं नव्हतं बहुतेक. शेवटी दोघं एक झाले ना?" आम्ही काय म्हणालो असू? "तुझ्या नीट लक्षात नसेल. खाली बस." ती बसली. पुढे त्या तासाला ती काही बोलली नाही, आणि त्यानंतरच्या तासांनाही फारसं नाही.

पेटीतला भाग आम्ही रात्री एकटेच बसून पाहिला. तिचं बरोबर होतं. सौम्य कर्क निर्णयच घेऊ शकत नाही. खाली ग्रहावर सुलू आणि सोबती थंडीने गोठत चाललेत, आणि हा भला माणूस काय करावं म्हणून स्पॉककडे बघत राहतो. हुकूम देण्याची धमक त्या दुसऱ्यात गेलेली आहे. पण तो दुसराही एकटा टिकत नाही, तो भीतीने खचत जातो. शेवटी भला कर्क त्याला मिठीत घेतो आणि दोघे मिळून पुन्हा यंत्रात उभे राहतात. भागाचं म्हणणं आमच्या गोष्टीच्या अगदी उलटं आहे: वाईट कापून टाकता येत नाही, त्याला सोबत घेऊनच माणूस पुरा होतो. आमच्या मनाला सोपी नीतिकथा हवी होती, तिने ती रचून घेतली होती.

आणि आणखी एक गोष्ट विसरलो होतो. तो क्रूर कर्क जहाजावरच्या रँड नावाच्या सहकारी स्त्रीवर हात टाकतो. भागाच्या शेवटी स्पॉक तिलाच सुचवतो की त्या तोतयात काही आकर्षक गुण होते, नाही का? हसण्यावारी नेलेलं आहे. आज ते पाहताना घशात अडकतं, आणि समीक्षकाने ते सांगितलंच पाहिजे: भागाचा मुख्य विचार मोठा, पण हे शेवटचं वाक्य त्याच्यावर डाग. आमच्या स्मृतीने तो डाग पुसून टाकला होता. स्मृती नुसती विसरत नाही, ती साफसफाईही करते.

आता आपल्या शास्त्राकडे येऊ. न्यायदर्शनात प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. स्मृती त्यात नाही. आठवणीने होणाऱ्या ज्ञानाला नैयायिक 'प्रमा' म्हणत नाहीत, कारण तो वस्तूचा ताजा अनुभव नाही, जुन्या संस्काराचा उद्भव आहे. हे आम्ही फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं. आणि त्याच फळ्यासमोर उभं राहून आमची स्मृती प्रमाण म्हणून चालवली! त्या मुलीच्या बाबतीत तर त्याहून वाईट. शब्दप्रमाणासाठी आप्त, म्हणजे जाणता आणि विश्वासू माणूस लागतो. आम्ही नुसते खुर्चीवरचे होतो.

म्हणून आमचं म्हणणं असं की घरात आणून ठेवता येणाऱ्या पेटीची खरी किंमत जुन्या आठवणी जागवण्यात नाही. ती आपल्या आठवणींना खोटं पाडू शकते, ही तिची किंमत. पुस्तकाच्या बाबतीत आपण हे गृहीत धरतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात 1893 पासून लोक जाताहेत ते कशाला? शंका आली की पान उघडून बघता यावं म्हणून. टीव्हीवरचा भाग मात्र एकदा दिसला आणि गेला. मग वाद घालायचा तो कोणाचा आवाज मोठा यावर.

इथे तुम्ही विचाराल, पेटीतलं तरी मूळचं कशावरून? रास्त शंका. 2006 मध्ये मालिकेच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त मूळ 35 मिलिमीटर फिल्मवरून नव्या, स्वच्छ प्रती केल्या गेल्या. फिल्म असल्यामुळे तपशील शिल्लक होता. तेव्हाच्या व्हिडिओ टेपवरून ते जमलं नसतं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जहाजाची, ग्रहांची, अवकाशाची जुनी दृश्यं काढून संगणकावर केलेली नवी घातली. शीर्षकसंगीत पुन्हा वाजवून घेतलं. 'अरीना' नावाच्या भागात कर्क एका सरड्यासारख्या प्राण्याशी लढतो. रबराच्या मुखवट्यातला नट तो. नव्या आवृत्तीत त्या प्राण्याच्या पापण्या लवतात!

मग हा तोच भाग का? "हा तोच देवदत्त" हे आपल्याकडचं प्रत्यभिज्ञेचं ठरलेलं उदाहरण. नैयायिक म्हणेल, ओळख पटते कारण वस्तू टिकून आहे. बौद्ध म्हणेल, दिव्याची ज्योतही रात्रभर 'तीच' वाटते, पण क्षणाक्षणाला ती नवी असते. सारखेपणाला तुम्ही एकपणा म्हणताय. पापण्या लवल्या की आमचं मत बौद्धांकडे झुकतं.

ब्लू-रेच्या पेटीने मात्र इथे एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. जुनी दृश्यं फेकून न देता दोन्ही ठेवली आहेत. रिमोटची कळ दाबली की त्याच क्षणी जुनं जहाज, पुन्हा दाबली की नवं. आम्ही कळ दाबदाबून पाहिलं. आमचा निकाल असा: 'बॅलन्स ऑफ टेरर' या भागात दोन शत्रू कप्तान एकमेकांना न पाहता पाणबुडीयुद्धासारखं लढतात. तिथे ताण चेहऱ्यांत आणि शांततेत आहे. नव्या चित्रांनी तो वाढत नाही, घटतही नाही. पण काही ठिकाणी जहाज इतकं झुळझुळीत होतं की कापून आत गेल्यावर पुठ्ठ्याच्या भिंती उघड्या पडतात. जुन्या आवृत्तीत बाहेर आणि आत एकाच गरिबीचे होते, म्हणून एकमेकांना सांभाळून घेत होते. 'द डेव्हिल इन द डार्क'मधली खडकाची आई म्हणजे गालिच्यासारख्या खोळीखाली सरपटणारा एक माणूस. तिला त्यांनी तसंच ठेवलंय. स्पॉक तिच्यावर हात ठेवून तिची वेदना बोलून दाखवतो तेव्हा आमचे डोळे भरून आले. खोळ दिसत असताना!

पुराव्याचा प्रश्न खुद्द या पर्वाने विचारलेला आहे, 'द मेनॅजरी' या दोन भागांत. स्पॉकवर खटला चालतो आणि कोर्टापुढे जुन्या मोहिमेचं चित्रण पुरावा म्हणून दाखवलं जातं. कर्क हरकत घेतो की कुठलंही जहाज इतकी बारीक नोंद ठेवत नाही. पुढे कळतं, ते चित्रण भ्रम निर्माण करणारी परग्रहवासी मंडळीच पाठवत होती. इतकंच नाही, न्यायासनावर बसलेला एक अधिकारीही भ्रमच होता! आणि पडद्यामागची गोष्ट तर याहून मजेची. ते 'जुनं चित्रण' म्हणजे 1965 मध्ये वाहिनीने नाकारलेला मालिकेचा पहिला नमुना भाग. वेळ कमी पडला म्हणून तोच कापून यात बसवला. त्या कापाकापीत मूळ भागाची अखंड रंगीत प्रत गेली. 1986 मध्ये तो कॅसेटवर आला तेव्हा काही तुकडे रंगीत आणि काही कृष्णधवल असा आला. भ्रमाविषयीची गोष्ट, तिचा पुरावा ठिगळांचा. वेदान्त्याला यापेक्षा काय पाहिजे?

आपल्याकडे वळून समारोप करतो. इंग्लंडच्या बीबीसीने 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेच्या साठच्या दशकातल्या टेप पुसल्या. नव्वदहून अधिक भागांचं चित्र आज नाही. पण त्या सगळ्या भागांचा आवाज आहे. का? तर प्रेक्षकांनी घरी बसून तो टेपरेकॉर्डरवर घेतला होता. संस्थेने टाकलं ते घरांनी राखलं.

आपणही विज्ञानमालिका केल्या. 'स्पेस सिटी सिग्मा' होती, मुलांच्या संगणकाची 'इंद्रधनुष' होती, 1998 मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, आपले मिलिंद सोमण त्यात होते. डॉ. नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने कथा पाठवून मराठी विज्ञानकथेला जो जोर दिला, त्या कथा पुस्तकांत आहेत, उद्या वाचनालयात जाऊन पडताळता येतील. या मालिकांचं काय? ठाणे स्टेशनाजवळच्या दुकानांत त्या काळी आम्ही विचारत फिरलो, स्टार ट्रेकसारखी व्यवस्थित पेटी आमच्या हाती लागली नाही. त्या चांगल्या होत्या की टुकार, यावर आम्ही आज मत देणार नाही. आमच्याकडे फक्त आठवण आहे, आणि तिची लायकी तुम्हाला आत्ताच सांगितली.

तेव्हा एक विनंती. ज्यांच्या माळ्यावर रेकॉर्ड केलेल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नका. आपल्या पावसाळी हवेत टेपला बुरशी धरते, चुंबकीय थर सुटू लागतो. फार वर्षं हातात नाहीत. संगणकावर उतरवून घ्या, वर तारीख लिहा, आणि हौसेने त्यात सुधारणा करू नका. मुंग्यांसकट ठेवा.

आणि ती मागच्या बाकावरची मुलगी. आज ती पन्नाशीच्या आसपास असेल. हे व्याख्यान कुठे ऐकत असलीस तर बाई, तुझ्या नीट लक्षात होतं. चुकलो होतो ते आम्ही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.